भाताचा पिवळा खोडकिडा : वर्गीकरण व ओळख

सावित्रीच्या खोऱ्यातील महाड व पोलादपूर तालुक्यांत खरिपात भात हे मुख्य पीक असून डोंगरउताराच्या वरकस जमिनीत नाचणी व वरी घेतली जाते. भात फुटव्यावर असता मधला पोंगा सुकतो व ओढताच हाती येतो, यास गाभेमर म्हणतात. पुढे लोंबी पांढरी व पोकळ निघते, तीस पळींज म्हणतात. ही दोन्ही लक्षणे खोडकिड्याची होत. मात्र खोडकिडा हे एकाच किडीचे नाव नव्हे. म्हणून उपाय योजण्यापूर्वी शेतातील कीड नेमकी कोणती, हे ओळखणे अगत्याचे आहे.

शास्त्रीय स्थान

पिवळा खोडकिडा हा लहान पतंग लेपिडोप्टेरा गणातील क्रँबिडी कुलात मोडतो. त्याची प्रजाती स्किर्पोफॅगा व जाती इन्सर्ट्युलस होय. वॉकर यांनी १८६३ मध्ये त्याचे वर्णन कायलो या प्रजातीत केले. पुढे तो शीनोबियस प्रजातीत गणला गेला. १९६० मध्ये कॉमन यांनी ट्रिपोरायझा ही प्रजाती स्थापून त्यास तीत घेतले, व १९८१ मध्ये लेववनिच यांनी ती स्किर्पोफॅगामध्ये विलीन केली. जुन्या पुस्तकांत ही निरनिराळी नावे आढळली तरी कीड एकच समजावी.

दोन किडींतील भेद

पिवळ्या खोडकिड्याची मादी पिवळसर असून तिच्या पुढील प्रत्येक पंखावर एक काळा ठिपका असतो. ती पानाच्या शेंड्याजवळ पुंजक्याने अंडी घालते व ती तपकिरी केसांनी झाकते. अळी फिकट पिवळसर असून बहुधा एका खोडात एकच सापडते. भाताखेरीज अन्य पिकावर ती सहसा वाढत नाही.

गुलाबी खोडकिडा, म्हणजे सेसेमिया इन्फेरेन्स, हा नॉक्ट्युइडी या वेगळ्या कुलातील आहे. त्याची अळी गुलाबी छटेची असते. मादी पानाचे आवरण व खोड यांच्या मधे अंडी घालते. ही कीड भाताप्रमाणेच नाचणी, मका व ऊस यांवरही वाढते. यास्तव नाचणीलगतच्या भाताची विशेष पाहणी करावी.

उपाय

लावणीपूर्वी रोपांचे शेंडे खुडून नष्ट केल्यास पिवळ्या किडीचे अंडीपुंज नाहीसे होतात. गुलाबी किडीची अंडी आवरणाआड असल्याने तीस हा उपाय लागू पडत नाही. कामगंध सापळ्यातील गंधगोळीही जातीनुसार निराळी असते, म्हणून ती घेताना किडीचे नाव सांगून घ्यावी. दोन्ही किडींसाठी गाभेमर झालेले फुटवे मुळासकट उपटून नष्ट करावेत, कापणी जमिनीलगत करावी, आणि नांगरट करून धसकटे वेचून जाळावीत, कारण त्यांत अळ्या दडून राहतात.

अळी खोडात शिरल्यावर वरून फवारलेले औषध तिच्यापर्यंत सहजी पोहोचत नाही. म्हणून आधी सुकलेला फुटवा चिरून आतील अळी पाहावी. शंका वाटल्यास तो फुटवा अळीसह नजीकच्या कृषी कार्यालयात दाखवावा, व मगच खर्चाचा उपाय हाती घ्यावा.