नर्सिंगला प्रवेश घेताय? फीच्या पलीकडचा खर्च आधी मोजा

बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या एस.टी. स्टँडवर पत्रके चिकटू लागतात. 'नर्सिंगला थेट प्रवेश', 'दहावी पासही चालेल', '१०० टक्के नोकरी'. त्यावरच्या नंबरला फोन लावण्याआधी हे वाचा.

मान्यताप्राप्त कोर्स मुख्यतः तीन. एएनएम दोन वर्षांचा, फक्त मुलींसाठी. बारावी कुठल्याही शाखेची चालते. जीएनएम तीन वर्षांचा, मुलांनाही खुला. बारावीला इंग्रजी आणि एकूण ४० टक्के हवेत. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचे, म्हणजे आठ सत्रे. त्याला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी घेऊन ४५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ४०. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वयाची १७ वर्षे पूर्ण हवीत. राज्यभरातल्या, अगदी आदिवासी तालुक्यांतल्या संलग्न कॉलेजांचीही बीएस्सीची परीक्षा आणि पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते. एएनएम-जीएनएमची परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते. 'नर्सिंग असिस्टंट', 'पेशंट केअर' असल्या नावांचे वर्षभराचे कोर्स यात बसत नाहीत. त्यांच्या प्रमाणपत्रावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये परिचारिका म्हणून नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नाही म्हणजे सरकारी भरतीचा अर्जही भरता येत नाही. पत्रकातले 'दहावी पास' हे बहुधा याच कोर्सचे असते.

बीएस्सीसाठी राज्य सीईटी कक्षाची परीक्षा द्यावी लागते. अर्ज बारावीच्या परीक्षेच्या आगेमागे सुटतात, म्हणजे निकालानंतर जागे झालात तर उशीर झाला. एएनएम-जीएनएमच्या प्रवेशाची पद्धत अलीकडे बदलत आली आहे. त्या वर्षीची सूचनाच प्रमाण माना, शेजारणीच्या मुलीचा दोन वर्षांपूर्वीचा अनुभव नव्हे. सीईटीनंतर केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, म्हणजे कॅपच्या फेऱ्या होतात. त्या दिवाळीच्या आसपासपर्यंत लांबू शकतात. पहिल्या फेरीत नंबर लागला नाही म्हणून घाबरून एजंटाला पैसे देणारे पालक दरवर्षी दिसतात. थांबलात तर पुढच्या फेरीत जागा मिळण्याची शक्यता असते.

कागदपत्रे आत्ताच गोळा करा. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, आधार, वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला, मध्ये वर्ष गेले असेल तर त्याचे प्रतिज्ञापत्र. आरक्षण घेणार असाल तर जातीचा दाखला आणि जात वैधता; ओबीसीला नॉन-क्रिमीलेअरही. सगळ्यात जास्त अडते ते जात वैधतेपाशी. तिला महिनोन्महिने लागतात, म्हणून अकरावीतच कॉलेजमार्फत अर्ज टाका. नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, तारीख पाहून घ्या. तहसील कचेरीबाहेर कोणी ५०० रुपयांचा स्टॅम्प पेपर घ्यायला सांगेल. जात, उत्पन्न, रहिवासी, नॉन-क्रिमीलेअर यांसाठी सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रावर मुद्रांक शुल्क माफ आहे, साधा कागद चालतो. सेवा केंद्रात दरफलक असतो. त्यापेक्षा जास्त मागितले तर पावती मागा. बहुतेकदा रक्कम तिथेच खाली येते.

आता पैसे. सरकारी कॉलेजात आणि जिल्हा रुग्णालयाला जोडलेल्या सरकारी शाळांत फी नाममात्र, पण जागा थोड्या. खासगी बीएस्सी कॉलेजांची फी साधारण पन्नास हजारांपासून सव्वा लाखापर्यंत, दर वर्षाला. प्रत्येक कॉलेजची नेमकी फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि संकेतस्थळावर टाकते. तिची प्रिंट काढून प्रवेशाच्या दिवशी सोबत न्या. काउंटरवर 'डेव्हलपमेंट'चे वेगळे पैसे मागितले तर प्रिंट पुढे करा, कारण विकास शुल्क मंजूर फीतच धरलेले असते. 'डोनेशन' तर १९८७ च्या कायद्यानेच बंद आहे.

फीमाफी मात्र नीट समजून घ्या. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. अनुसूचित जाती-जमातींना अडीच लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. अर्ज महाडीबीटीवर. अट एकच, पण महागात पडणारी: मुलींची ही माफी कॅपमधून आलेल्या प्रवेशाला मिळते, व्यवस्थापन कोट्याला नाही. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठेही त्यातून वगळली आहेत. लोणी, सावंगी, कराड इथली मोठी अभिमत विद्यापीठे ग्रामीण भागातच आहेत आणि तिथे नर्सिंग शिकवतात. घराजवळ आहेत म्हणून तीही आरोग्य विद्यापीठाखाली येतात असे समजून जाऊ नका. त्यांचा प्रवेश वेगळा, फी वेगळी. 'आधी पूर्ण फी भरा, सरकारचे पैसे आले की परत देऊ' असे कॉलेज म्हणाले तर ते लेखी मागा. आणि महाडीबीटीचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात. जोडणी झाली आहे का, बँकेत जाऊन विचारा. जनधनचे बंद पडलेले खाते जोडलेले असते आणि हप्ता तिथेच अडकतो.

पत्रकात न लिहिलेला खर्च वेगळाच. दोन-तीन युनिफॉर्म, पांढरे बूट, सेकंदकाटा असलेले घड्याळ, स्टेथोस्कोप, बीपीचे यंत्र, जर्नल आणि लॉगबुके. गणवेश कॉलेजच्याच दुकानातून घ्यायचा आग्रह धरतात. मापाचे कापड बाहेर स्वस्त पडते का, ते विचारा. हिपॅटायटिस बीचे तीन डोस लागतात, दुसरा महिन्याने, तिसरा सहाव्या महिन्यात, म्हणून प्रवेशाआधीच सुरू करा. मग क्लिनिकल पोस्टिंग. मनोरुग्ण सेवेचा अनुभव घ्यायला बऱ्याच कॉलेजांच्या मुली ठाणे, पुणे, नागपूर किंवा रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात काही आठवडे राहतात. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या मुलीला तिथला राहण्या-जेवणाचा, प्रवासाचा खर्च कोण देणार, हे पहिल्या वर्षीच विचारून ठेवा. ग्रामीण पोस्टिंगची बसही कधी कॉलेजची असते, कधी मुलींच्या खिशातून.

वसतिगृह आणि मेस ही फीमाफीत येत नाही. आधी समाजकल्याण किंवा आदिवासी विकासच्या वसतिगृहात अर्ज करा. तिथे नंबर लागला नाही तर अनुसूचित जातींसाठी स्वाधार, अनुसूचित जमातींसाठी स्वयम् योजनेतून वर्षाला ३८ ते ६० हजार रुपये मिळतात. रक्कम शहर की तालुका, त्यावर ठरते. हप्ता उशिरा येतो, म्हणून पहिल्या सहा महिन्यांची मेस हाताशी ठेवा.

हजेरीचा शॉर्टकट देणारे कॉलेज दिसले तर तिथून उठा. थिअरी आणि प्रात्यक्षिकाला ८० टक्के हजेरी लागते, आणि पदवी मिळण्याआधी क्लिनिकल तास शंभर टक्के भरावे लागतात. 'घरी राहा, परीक्षेला या' म्हणणारा ते तास कागदावर भरतो. अशा पदवीची नंतर चौकशी लागते ती तुमच्या नावाने, त्याच्या नाही. मूळ गुणपत्रिका आणि दाखले कॉलेजला ठेवू देऊ नका. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच सांगितले आहे, मूळ कागद तपासायचे आणि लगेच परत द्यायचे. 'बाँड' म्हणून सही मागितली तर वाचल्याशिवाय करू नका.

कर्ज काढण्याआधी कमाईकडेही पाहा. सरकारी सेवेत अधिपरिचारिकेचे मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून, आरोग्यसेविकेचे २५,५०० पासून सुरू होते. तालुक्याच्या खासगी दवाखान्यात सुरुवातीला याच्या निम्मेही अनेकदा मिळत नाहीत.

पास झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी स्वतः ऑनलाइन करा. त्यासाठी एजंट लागत नाही. ती दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते.