सहाशे पौंडांचं चाक : मिसेस गॅस्केल वाचताना

इंजिनिअरिंगच्या पोरांनी कादंबरी वाचायची? आणि तीही जवळजवळ पावणेदोनशे वर्षं जुनी, इंग्रजी? सबमिशन, ओरल आणि बॅकलॉगमधून वेळ कुठे आहे, असं तुम्ही म्हणाल. तरी ही एक वाचाच. कारण हिच्यात एक यंत्र आहे, त्या यंत्राची किंमत आहे, आणि ते न बसवल्यामुळे मेलेली एकोणीस वर्षांची एक मुलगी आहे.

कादंबरीचं नाव 'नॉर्थ अँड साऊथ'. लेखिका एलिझाबेथ गॅस्केल (१८१०-१८६५). नवरा मँचेस्टरला धर्मोपदेशक, त्यामुळे गिरणी कामगारांची घरं तिने आतून पाहिलेली. १८४५ मध्ये तिचा लहान मुलगा तापाने गेला. त्या दुःखातून बाहेर पडायला तिने लिहायला घेतलं आणि १८४८ मध्ये 'मेरी बार्टन' आली. गिरणीमालक चिडले, ही बाई एकच बाजू बघते म्हणाले. मग तिने दुसऱ्या कादंबरीत मालकालाच नायक केलं. तीच ही 'नॉर्थ अँड साऊथ'. सप्टेंबर १८५४ पासून ती चार्ल्स डिकन्सच्या साप्ताहिकात क्रमशः छापून येऊ लागली. नागपूरकर भोसल्यांचं राज्य खालसा होऊन आपला चांदा इंग्रजांकडे गेला, तेही १८५४ सालीच. आपल्यावर राज्य करायला आलेल्यांच्या स्वतःच्या घरात तेव्हा काय चाललं होतं, ते इथे दिसतं.

गोष्ट काय आहे?

मार्गारेट हेल ही जंगलाच्या कडेला असलेल्या हेल्स्टन नावाच्या खेड्यातली मुलगी. वडील चर्चची नोकरी सोडतात आणि कुटुंब मिल्टनला येतं. मिल्टन म्हणजे नाव बदललेलं मँचेस्टर. शहर यायच्या आधीच आकाशात शिशाच्या रंगाचा ढग दिसतो. एटापल्ली किंवा धानोऱ्याहून पहिल्यांदा चंद्रपूरला आलेल्या आणि दुर्गापूरच्या चिमण्या पाहिलेल्या मुलाला हे वर्णन वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मिल्टनमध्ये मार्गारेटची मैत्री होते बेसी हिगिन्सशी. दोघी एकाच वयाच्या. बेसी कापूस पिंजायच्या खात्यात काम करायची. तिथे उडणारी बारीक रुई तिच्या फुप्फुसात बसली. या रोगाला आज बिसिनोसिस म्हणतात. बेसी सांगते की काही गिरण्यांत हवा खेचून धूळ बाहेर टाकणारं मोठं चाक असतं. म्हणजे आपला एक्झॉस्ट फॅन. पण त्याला पाचसहाशे पौंड लागतात आणि त्यातून नफा काहीच नाही, म्हणून मालक ते बसवत नाहीत.

इथपर्यंत कोणीही लिहिलं असतं. गॅस्केलबाई पुढे जाते. काही कामगारांनाही ते चाक नको असतं! रुई गिळायची सवय झालेली. चाक लावलं की रुई पोटात जात नाही आणि भूक जास्त लागते. मग त्या खात्यात काम करायचं तर मजुरी वाढवून द्या, असं त्यांचं म्हणणं. मालकाला खर्च नको, मजुराला भूक परवडत नाही. या दोघांच्या मधे चाक राहून जातं आणि बेसी मरते. उपाशी माणसाला सेफ्टी महाग का पडते, हे मला कुठल्या लेक्चरमध्ये इतकं नीट कळलं नव्हतं.

मालक आणि जंगल

मालक जॉन थॉर्नटन खलनायक नाही. कायदा यायच्या आधीच त्याने चिमण्यांमध्ये धूर कमी करणारा बदल स्वतःहून केलेला असतो, आणि कोळशाची बचत होऊन तो खर्च भरून निघतो. पण सरकारने सक्ती केली असती तर आपण हे केलं असतं का, याची त्यालाच खात्री नसते. संप मोडल्यानंतर तो बेसीच्या बापाशी, निकोलसशी, बोलू लागतो आणि कामगारांसाठी जेवणाची खानावळ उभी राहते. भांडण मिटत नाही, पण समोरचा माणूस आहे एवढं तरी दोघांना कळतं.

जंगलाचंही तसंच. मार्गारेटला हेल्स्टन म्हणजे स्वर्ग वाटायचा. पण निकोलस तिकडे शेतमजुरीला निघतो तेव्हा तीच त्याला अडवते. तिथलं कष्टाचं, मन बधिर करणारं जिणं तुला झेपणार नाही म्हणते. पुढे ती गावी जाते तर तिथे अंधश्रद्धेपायी जिवंत मांजर भाजल्याची गोष्ट कानावर येते. आपणही मेसमध्ये बसून 'आमचं गाव' म्हणून उसासे टाकतो, तेव्हा हे आठवावं.

आपलं काय?

मिल्टन आपल्यापासून लांब नाही. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. नाव व्हिक्टोरिया राणीचंच. तिथे हवा दमट ठेवणारी यंत्रं आणि आग विझवणारे स्प्रिंकलर बसले. म्हणजे चाकावर पैसे खर्च करणारा मालक असू शकतो. दुसरी बाजू आपल्या दाराशी आहे. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने चंद्रपूरला अतिप्रदूषित ठरवलं, निर्देशांक ८३.८८. औष्णिक केंद्रातली राख पकडणारा ईएसपी, कोळशाच्या रस्त्यावर पाणी मारणारा टँकर, ही आजची चाकं. ती चालू ठेवायला पैसे लागतात आणि बंद ठेवली तर त्या दिवशी कोणी मरत नाही. म्हणूनच ती बंद ठेवण्याचा मोह होतो.

उद्या आपल्यापैकी कित्येक जण याच प्लँटमध्ये नोकरीला लागतील. एस्टिमेटच्या शीटवर एक ओळ येईल, किंमत मोठी आणि परतावा शून्य. ती ओळ खोडायची की ठेवायची, हे तेव्हा आपल्या पेनावर असेल.

वाचायला सुरुवात करताना एक लक्षात ठेवा. कामगारांची बोली अवघड आहे. ती मोठ्याने वाचली की कळते, अगदी झाडीबोलीसारखी. लंडनमधली पहिली पानं जरा रेंगाळतात, कंटाळू नका. बेसी येईपर्यंत वाचा. पुढे पुस्तकच तुम्हाला सोडणार नाही.