नावं ठेवण्याआधी जाऊन ये

मिरज,
कोजागिरी पौर्णिमा

चि. मुग्धास,


दिवाळीला जोडून रजा मिळतेय, चौघी मैत्रिणी निघताय आणि कुठं जावं ते मामाने सुचवावं, असा तुझा निरोप मिळाला. बरं वाटलं. पण निरोपामागोमाग अटीही आल्या. गोवा झालाय. महाबळेश्वरला गर्दी. कोकणातली माणसं तिरकी आणि कवडीचुंबक. नागपूरकडची आळशी, शिवाय तिकडे ऊन. कोल्हापूरकर बोलतात की भांडतात तेच कळत नाही. आणि मराठवाड्यात बघण्यासारखं आहेच काय? एवढी चाळण लावलीस तर खाली तुमच्या कोथरूडचा बसथांबा तेवढा उरेल. म्हणून आधी अटींविषयी लिहितो, मग ठिकाणांविषयी.

माझी एस.टी.तली आगार व्यवस्थापकाची नोकरी म्हणजे बदलीची नोकरी. रत्नागिरी, लातूर, नागपूर या गावांत मी भाडेकरू म्हणून राहिलो. नळाला पाणी कधी येतं, उधारी कोण देतं, दुपारी कुठली दुकानं उघडी असतात, एवढं कळलं की गावाचा निम्मा स्वभाव उलगडतो. आपण ज्याला तिथल्या माणसांचा स्वभाव म्हणतो, तो बहुतेक वेळा तिथलं पाणी, तिथली जमीन आणि पोटापाण्याची सोय यांतून आलेला असतो.

कोकणच घे. पाऊस धो धो, पण जमीन जांभ्याची. पाणी झिरपून समुद्राला मिळतं आणि एप्रिल-मेमध्ये विहिरीचा तळ दिसतो. भाताची खाचरं एवढीएवढीशी, त्यांतही भाऊबंदांचे वाटे. पिढ्यान् पिढ्या घरं चालली ती मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनीऑर्डरीवर, आणि 1982 च्या संपानंतर तीही आटली. पावसाच्या चार महिन्यांची बेगमी उन्हाळ्यातच करून ठेवायची. सुकी मासळी, आमसुलं, फणसाची साटं, सगळं मोजून डब्यात. रत्नागिरीत आमची घरमालकीण फणसाच्या आठळ्यासुद्धा मातीत घोळवून, वाळवून आढ्याखाली ठेवायची. तीच बाई पाहुण्याच्या वाटीत दुसऱ्यांदा सोलकढी ओतताना विचारत नसे. ताटात टाकलेला घास मात्र तिला बघवत नसे. याला तू कवडीचुंबकपणा म्हण, मी हिशेब म्हणेन.

नागपूरचं आळशीपणही घड्याळ लावून बघ. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो तेव्हा दुपारी दार लावून पडणं हा शहाणपणा आहे. पण पहाटेच्या पाळीला तिथले चालक-वाहक गाडी पुसून तयार असायचे. सकाळी तर्री-पोह्याच्या गाडीपुढे उभं राहिलं की शहर केव्हाच कामाला लागलेलं दिसायचं. पुण्याहून दुपारच्या गाडीने पोहोचणाऱ्याला ती सकाळ दिसत नाही. त्याला बंद दारं दिसतात आणि तो परत येऊन तेवढंच सांगतो.

बंद दारांवरून आठवलं. एक ते चार दुकान बंद ठेवण्याबद्दल उरलेला महाराष्ट्र तुम्हा पुणेकरांविषयी काय बोलतो, ते तुला ठाऊकच आहे. ते ऐकून तू हसतेस, कारण शनिवार पेठेतला दुकानदार तुझ्या ओळखीचा आहे. ओळख असली की थट्टा गोड लागते. पु. लं.नी मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकरांची यथेच्छ थट्टा केली. त्यांचा अंतू बर्वा तर रत्नागिरीच्या तिरकसपणाचा नमुनाच होऊन बसला. पण त्या म्हाताऱ्याच्या खवचट बोलण्याखाली जे दारिद्र्य आणि एकटेपण आहे, तेही त्यांनी दाखवलं. आपण वाचताना खवचटपणा तेवढा उचलला आणि बाकीचं पुस्तकातच ठेवून दिलं. म्हणून माझं पहिलं सांगणं असं की, प्रवासात थट्टा करायचीच तर आपल्या गावापासून सुरुवात करावी. यजमानाच्या गावाची थट्टा यजमानाने करावी, आपण ऐकावी.

आता मराठवाडा. इथं जरा सविस्तर लिहितो, कारण तुझा सगळ्यात मोठा नकार त्यालाच आहे.

तुझ्या डोक्यात मराठवाडा म्हणजे दुष्काळ. त्यात खोटं काही नाही. 2016 च्या एप्रिलात लातूरला पाण्याची रेल्वे गेली, ती आमच्या मिरजेतूनच. पूर्वी बार्शी लाईटची छोटी गाडी ज्या मार्गाने धावायची, त्याच मार्गाने टँकरचे डबे कुर्डुवाडीवरून लातूरला जायचे. पण एका उन्हाळ्याच्या बातमीवरून प्रदेशाची किंमत करू नये. आणि मागास म्हणताना हेही ध्यानात ठेव, की बाकीच्या देशाला स्वातंत्र्य मिळालं तरी हा भाग निजामाच्या राज्यात होता. तो सुटला 17 सप्टेंबर 1948 ला. शाळा, रस्ते, रेल्वे यांत तो मागे राहिला, त्याचं कारण माणसांच्या अंगात शोधू नकोस.

बघायला काय आहे म्हणतेस. अजिंठा-वेरूळ तू शाळेच्या सहलीत उरकलंस, ते असो. यावेळी सोलापूरला उतर आणि नळदुर्गला जा. किल्ल्यात बोरी नदीवर आदिलशाहीच्या काळात घातलेला दगडी बंधारा आहे आणि त्याच्या भिंतीच्या पोटात पाणीमहाल. नदी भरलेली असली की बंधाऱ्यावरून नर आणि मादी असे दोन धबधबे कोसळतात. आपण आत कोरडे उभे असतो आणि खिडकीसमोरून पाण्याचा पडदा खाली जात असतो. बोलायला गेलं तर शेजारच्याला ऐकू येत नाही. पाण्याचा तुटवडा असलेल्या प्रदेशात पाण्याचं एवढं कौतुक दगडात करून ठेवलंय, हे बघायलाच हवं.

तिथून तुळजापूर करून धाराशिवमार्गे तेरला जा. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचं नाव आहे. इथला माल गाड्यांत लादून भडोचच्या बंदराला जायचा आणि तिथून पुढे रोमच्या व्यापाऱ्यांकडे. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी जुन्या वस्तीच्या टेकाडांवर सापडणाऱ्या वस्तू आयुष्यभर जमवल्या. त्यातूनच आजचं सरकारी संग्रहालय उभं राहिलं. नखाएवढे मणी आणि मातीच्या मूर्ती काचेशी नाक लावून बघ. मूर्तींच्या केसांची रचनासुद्धा ओळखता येते. मग विटांनी बांधलेलं त्रिविक्रमाचं देऊळ बघ. त्याचा मागचा भाग अर्धगोल आहे, तशी देवळं आपल्याकडे फारशी उरलेली नाहीत. संत गोरोबाकाकांचं गावही हेच. एवढं होऊन गावात गर्दी नाही.

बाकीची ठिकाणं थोडक्यात सांगतो. ठिकाणापेक्षा महिना नीट निवड, निम्मी तक्रार तिथंच मिटेल. चिखलदरा पावसाळ्यात. ताडोबा थंडीत, आणि मंगळवारी ते बंद असतं हे लक्षात ठेव. लोणारला सकाळी लवकर विवरात उतरावं, उन्हं चढायच्या आत वर यावं. कोकणात समुद्राला पाठ करून एकदा रत्नागिरीच्या सड्यांवर जा. बारसू, उक्षी, कशेळी इथं जांभ्यावर कोरलेली कातळशिल्पं आहेत. गवत वाळलं की ती नीट दिसतात. मार्चमध्ये वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात. कोल्हापूरला गेलीस तर तांबडा-पांढरा रस्सा होईलच, पण शिरोळकडे खिद्रापूरला कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात उभी राहून वर बघ. छताच्या जागी गोल आकाश आहे. वाट विचारलीस तर कोल्हापूरचा माणूस भांडल्यासारख्या आवाजात सांगेल आणि गाडी वळवून फाट्यापर्यंत पोहोचवायला येईल.

आणि गोवा झाला म्हणतेस, तर तो किनारा झाला. गोव्याची माणसं सुशेगाद, म्हणजे निवांत, हे तू शॅकमध्ये बसून ठरवलंस. खाडीकाठची खाजन शेती बघितली असतीस तर तसं म्हणाली नसतीस. भरतीचं खारं पाणी अडवायला मातीचे बांध घालायचे, मानशीची, म्हणजे बांधातल्या झडपांची, दारं भरती-ओहोटीप्रमाणे उघडझाप करायची, आत भात घ्यायचं आणि दारापाशी मासळी धरायची. एक बांध फुटला तर सगळ्या गावाचं शेत खारावतं. शतकानुशतकं समुद्राला असं थोपवून धरणाऱ्यांना निवांत म्हणायला फार धाडस लागतं.

कुठंही गेलीस तरी एका गावात दोन रात्री राहा. पहिल्या दिवशी गाव पाहुण्यासारखं वागवतं, दुसऱ्या दिवशी आपलं काम करायला लागतं. ते बघण्यासारखं असतं. गाडी भाड्याने घेण्याआधी एस.टी.चा विचार कर. बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि शेजारी बसलेली बाई जेवढं सांगेल तेवढं मोबाईल सांगणार नाही.

आता मुख्य गोष्ट. तुम्हा चौघींत एक लातूरची आहे. ती ‘काय करायलीस?’ म्हणाली की तुम्ही तिची नक्कल करता, असं तूच मागे हसत सांगितलं होतंस. तीही हसत असेल. पण ठिकाण ठरवताना तुम्ही तिला विचारलंत का? मला वाटतं नसेल. विचार. आणि जमलं तर दिवाळीची रजा दोनेक महिने पुढे ढकला. मार्गशीर्ष अमावस्येला लातूर-धाराशिवकडे येळवस असते. त्या दिवशी अख्खं शहर शेतात जातं, रस्ते ओस पडतात. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होते आणि मग भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. ओळखीपाळखीचा असो-नसो, बांधावरून जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवतात. तुझ्या मैत्रिणीच्या शेतावर गेलात तर चौघींना पुरून उरेल एवढं वाढतील. नळदुर्ग आणि तेर त्याच फेरीत होईल.

हे तिच्यापुढे मांडताना मराठवाडा बघायला यायचंय असं म्हणू नकोस. तुझ्या घरी येऊ का, एवढंच विचार. ती हो म्हणाली की मला तारीख कळव. लातूर आगारात माझे जुने सहकारी आहेत, तेरच्या गाडीची वेळ विचारून ठेवतो.

आई-बाबांना नमस्कार सांग. दिवाळीत फराळाला मात्र इकडे येऊन जा.

तुझा,
मामा