बास्केटबॉलमधील सर्वश्रेष्ठ सेंटर कोण?

वादसभेंत एखादा विषय पुढें येतो तेव्हां दोन्ही पक्षांचे वक्ते बहुधा आधीं निकाल ठरवितात आणि मग त्याला पोषक अशीं प्रमाणें शोधूं लागतात. न्यायाचा मार्ग याच्या उलट आहे. प्रथम निकष ठरवावा, मग प्रमाणें पारखावीं, आणि निकाल सर्वांच्या शेवटीं द्यावा. हा मार्ग कसा चोखाळावा हें दाखविण्यासाठीं विद्यार्थ्यांच्या आवडीचाच एक विषय आम्ही येथें घेत आहों. बास्केटबॉलच्या खेळांत आजवर जे सेंटर होऊन गेले त्यांत सर्वश्रेष्ठ कोण, हा तो विषय होय. अमेरिकेंत या प्रश्नावर पुष्कळ वर्षें वाद चालू आहे. पण बहुतेक वादी आपल्या आवडत्या खेळाडूचें नांव घेऊन थांबतात. आपण तसें न करतां पूर्वपक्ष व उत्तरपक्ष दोन्ही ऐकूं.

आधीं 'सेंटर' या शब्दाचा अर्थ पाहूं. हा खेळ १८९१ सालच्या डिसेंबरांत अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स संस्थानांत, स्प्रिंगफील्ड येथील वाय्. एम्. सी. ए. च्या शिक्षकशाळेंत जेम्स नेस्मिथ या कॅनडांतून आलेल्या शिक्षकांनीं सुरू केला. सज्जाला दहा फूट उंचीवर पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, अठरा विद्यार्थ्यांचे दोन संघ केले व तेरा नियम लिहून काढले. एवढ्याच सामग्रीवर खेळ उभा राहिला. आपल्या देशांत तो रुजविण्यांतहि याच संस्थेचा मोठा वांटा आहे. १९२० सालीं एच्. सी. बक यांनीं मद्रासेस तिच्यातर्फे शारीरिक शिक्षणाचें विद्यालय काढलें.

आरंभींच्या काळांत प्रत्येक वेळीं गुण झाल्यावर चेंडू मैदानाच्या मध्यावर पुन्हां वर उडविण्यांत येई, व तो मिळविण्यासाठीं प्रत्येक संघ आपला उंच गडी तेथें उभा करी. मध्यावरचा म्हणून तो सेंटर. १९३७ सालीं ही पद्धत बंद झाली, परंतु नांव राहिलें, आणि सेंटरचें ठाणें मध्यावरून टोपलीजवळ गेलें. आपला हल्ला चालू असतां टोपलीजवळ चेंडू घेऊन गुण करणें, प्रतिपक्षाचा हल्ला आला कीं टोपलीचें रक्षण करणें, आणि कोणाचीहि फेंक हुकली तर उसळून आलेला चेंडू टिपणें, हीं त्याचीं तीन मुख्य कामें. हीं तीन्ही कामें ध्यानांत ठेवावीं. पुढें निकाल देतांना त्यांचा उपयोग होईल.

पहिला निकष पुष्कळ जण असा सुचवितात कीं, ज्याच्यासाठीं खेळाचे नियम बदलावे लागले तो श्रेष्ठ. या निकषानें पहिलें नांव जॉर्ज मायकन याचें येतें. इलिनॉय संस्थानांत १९२४ सालीं जन्मलेला हा सहा फूट दहा इंच उंचीचा तरुण जाड भिंगांचा चष्मा लावी, व कॉलेजांत आला तेव्हां त्याच्या हालचाली अगदीं अवघडलेल्या होत्या. डीपॉल विद्यापीठाचे खेळशिक्षक रे मायर यांनीं त्याला दोरीवरच्या उड्या मारावयास व नाच शिकावयास लाविलें, आणि टोपलीखालीं एकदां उजव्या व एकदां डाव्या हातानें चेंडू टाकण्याची तालीम दिली. ती तालीम आजहि 'मायकन ड्रिल' या नांवानें लहान मुलांस शिकवितात. मायकन व बॉब कुर्लंड हे दोन उंच खेळाडू टोपलींत उतरूं पाहणारा चेंडू वरच्यावर उडवून देऊं लागले, तेव्हां १९४४ सालीं कॉलेजच्या खेळांत तसें करण्यास मनाई झाली. पुढें मायकन मिनियापोलिस येथील लेकर्स या धंदेवाईक संघांत आला. १९४९ ते १९५४ या सहा वर्षांत त्या संघानें पांच अजिंक्यपदें मिळविलीं. हल्ला करणाऱ्या गड्यास टोपलीपुढील ज्या पट्ट्यांत तीन सेकंदांहून अधिक थांबतां येत नाहीं, तो सहा फूट रुंद पट्टा १९५१ सालीं बारा फूट केला गेला, तो याच्याच धास्तीनें.

पण या निकषानें निकाल लागत नाहीं. १९६४ सालीं तोच पट्टा सोळा फूट झाला, तो विल्ट चेंबरलेन याच्यामुळें. आणि १९६७ सालीं कॉलेजच्या खेळांत चेंडू वरून टोपलींत कोंबण्यास बंदी झाली, ती पुढें करीम अब्दुल-जब्बार या नांवानें प्रसिद्ध झालेला ल्यू अल्सिंडर गाजत असतां. एकाच कसोटीस तिघे उतरले, तर ती कसोटी तिघांत निवड करूं शकत नाहीं.

दुसरा निकष आंकड्यांचा. येथें चेंबरलेनची बरोबरी करणारा कोणी नाहीं. फिलाडेल्फिया शहरांत १९३६ सालीं जन्मलेला हा सात फूट एक इंच उंचीचा पुरुष बळानें व चपळाईनें असामान्य होता. २ मार्च १९६२ रोजीं हर्शी या गांवीं न्यूयॉर्कच्या संघाविरुद्ध त्यानें एकट्यानें १०० गुण केले. त्या हंगामांत दर सामन्यास त्याची सरासरी ५०.४ गुणांची व टिपलेल्या चेंडूंची २५.७ होती. सामना ४८ मिनिटांचा, आणि तो दर सामन्यास सरासरी ४८.५ मिनिटें खेळला! बरोबरी होऊन जादा वेळ खेळावा लागे, म्हणून हें घडलें. सबंध कारकीर्दींत त्यानें २३,९२४ उसळते चेंडू टिपले. हा उच्चांक अद्याप मोडलेला नाहीं.

आतां याच १९६१-६२ च्या हंगामांतील एक गोष्ट वादसभेच्या प्रत्येक सभासदानें लक्षांत ठेवण्यासारखी आहे. वर्षाच्या शेवटीं क्रीडालेखकांनीं देशांतील सर्वोत्तम पांच खेळाडूंचा संघ निवडला, व त्यांत सेंटर म्हणून चेंबरलेनला घेतलें. बॉस्टनचा बिल रसेल दुसऱ्या संघांत गेला. परंतु वर्षांतील सर्वांत मौल्यवान खेळाडू निवडण्याचा अधिकार त्या काळीं खुद्द खेळाडूंस होता, आणि त्यांनीं तो मान रसेलला दिला. हंगाम तोच, मैदानें तींच, सामने तेच. आणि निकाल दोन. ज्यांनीं सामने पाहिले त्यांना एक श्रेष्ठ वाटला. ज्यांना दोघांशीं अंगाला अंग भिडवून झुंजावें लागलें त्यांना दुसरा.

हें कसें झालें? रसेलची गुणांची सरासरी साऱ्या कारकीर्दींत १५.१ एवढीच आहे. तो चेंबरलेनहून बुटका होता. परंतु टोपलीच्या रक्षणाची कला त्यानें नवी घडविली. इतर खेळाडू प्रतिपक्षाची फेंक अडवीत तेव्हां चेंडू जोरानें प्रेक्षकांत भिरकावून देत. त्यानें टाळ्या मिळत, पण चेंडू पुन्हां प्रतिपक्षासच मिळे. रसेल चेंडूला अलगद वळण देऊन तो मैदानांतच, शक्य तर आपल्या गड्याच्या हातीं ठेवी. आणि प्रतिपक्ष सांवरण्यापूर्वींच बॉस्टनचा हल्ला सुरू होई. शिवाय रसेल मागें आहे या भरंवशावर इतर चौघे आपापल्या प्रतिस्पर्ध्यास निर्धास्तपणें भिडत. एका गड्याच्या उभें राहण्यानें चौघांचें बळ वाढे.

तिसरा निकष कौशल्य व चिकाटी यांचा, आणि येथें करीम अब्दुल-जब्बार अग्रभागीं येतो. सात फूट दोन इंच उंचीचा हा खेळाडू अंग आडवें करून एका हातानें डोक्यावरून कमानदार फेंक टाकी. 'स्कायहूक' नांवाची ती फेंक अडविणें जवळजवळ अशक्य होतें. १९६९ ते १९८९ अशीं वीस वर्षें तो धंदेवाईक खेळ खेळला, सहा वेळां सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला, सहा अजिंक्यपदें जिंकला, व त्यानें ३८,३८७ गुण केले. हा उच्चांक मोडावयास १९८४ पासून २०२३ साल उजाडावें लागलें. यांच्या मागून आलेल्यांतहि रत्नें आहेत. नायजेरियांतील लागोस येथें वाढलेला हकीम ओलाजुवॉन फुटबॉलचा गोलरक्षक होता. तेथें कमावलेल्या पायांच्या चपळाईवर त्यानें १९९४ व १९९५ सालीं ह्यूस्टनला अजिंक्यपद मिळवून दिलें. शकील ओनील बळांत अद्वितीय, पण फ्री थ्रोंत कच्चा. सर्बियाचा निकोला योकिच २०१४ सालच्या निवडींत एकेचाळिसावा आला, आणि २०२३ सालीं आपल्या पासांच्या जोरावर डेन्व्हरला जिंकवून गेला.

तर निकष कोणता धरावा? आमच्या मतें सेंटरचीं तीन्ही कामें संघासाठीं आहेत, म्हणून कसोटीहि संघाचीच असावी. आपल्या तर्कशास्त्रांत अन्वय-व्यतिरेक म्हणून एक पद्धत सांगितली आहे : कारण असतां कार्य दिसतें काय, आणि कारण नसतां तें नाहींसें होतें काय, असें पाहावें. ती येथें लावूं. बॉस्टनचे शिक्षक रेड आवरबाख व कुशल खेळाडू बॉब कूझी हे दोघे १९५० पासून त्या संघांत होते; पण रसेल येईपर्यंत एकहि अजिंक्यपद आलें नाहीं. १९५६ च्या अखेरीस रसेल आला, आणि पुढील तेरा हंगामांत अकरा अजिंक्यपदें आलीं. त्यांतील शेवटचीं दोन तर तो स्वतः खेळाडू आणि शिक्षक दोन्ही असतां मिळालीं. १९६९ सालीं तो निवृत्त झाला. लगेच पुढच्या हंगामांत बॉस्टननें ३४ सामने जिंकले व ४८ हरले. सहा सामन्यांत निकाल न लागून सातव्यावर भवितव्य टांगलें आहे, असे दहा प्रसंग रसेलवर आले. दहाहि वेळां त्याचा संघ जिंकला.

यावर पूर्वपक्षाचे आक्षेप सबळ आहेत, ते झांकून ठेवणें योग्य नव्हे. रसेलला सोबती उत्तम मिळाले. तो आला त्या वेळीं स्पर्धेंत आठच संघ होते. आणि त्याच्याबरोबर सॅम जोन्सहि निवृत्त झाला, म्हणून १९७० च्या अपयशाचें सारें श्रेय रसेलच्या अभावास देतां येत नाहीं. करीमच्या बाजूनेंहि हीच पद्धत बोलते : मिल्वॉकीच्या संघानें पहिल्या वर्षीं २७ सामने जिंकले होते, तो येतांच ५६ जिंकले, व १९७१ सालीं अजिंक्यपद पटकावलें. हे सर्व आक्षेप वजा घातले तरी अकरांतून जें उरतें तें इतर कोणाहि सेंटरच्या पदरीं नाहीं. चेंबरलेनचा स्वतःचा अनुभवहि हेंच सांगतो. १९६६-६७ सालीं त्यानें फेंका कमी करून सोबत्यांस चेंडू देण्याचें धोरण धरलें. त्याच्या गुणांची सरासरी ३३.५ वरून २४.१ वर आली. संघानें मात्र ८१ पैकीं ६८ सामने जिंकले, बॉस्टनला नमविलें व अजिंक्यपद मिळविलें.

एक गोष्ट आम्हीं निकालांत मुद्दाम धरलेली नाहीं. १९६१ सालीं केंटकी संस्थानांतील लेक्सिंग्टन येथें कृष्णवर्णी खेळाडूंस उपाहारगृहांत जेवण नाकारलें, तेव्हां रसेल व त्याचे कृष्णवर्णी सहकारी सामना न खेळतां परत गेले. हें त्यांच्या मनुष्यत्वाचें भूषण आहे; पण आजचा प्रश्न खेळाचा असल्यामुळें तें तराजूंत घालणें न्यायाचें होणार नाहीं. वादांत जें प्रिय आहे तेंहि अप्रस्तुत असेल तर बाजूला ठेवावें लागतें.

तेव्हां आमचा निकाल असा : एकट्याच्या पराक्रमांत चेंबरलेन, कौशल्याच्या दीर्घ कारकीर्दींत करीम, आणि सेंटर म्हणून सर्वश्रेष्ठ रसेल. ज्यास हा निकाल मान्य नसेल त्यानें निकष दुसरा मांडावा व तो कां बरा हें सांगावें. त्याचें आम्ही आनंदानें ऐकूं.

शेवटीं विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस एक गोष्ट सांगावीशी वाटते. अडविलेल्या फेंकांची अधिकृत नोंद १९७३-७४ च्या हंगामापासून ठेवूं लागले. रसेल त्याच्या चार वर्षें आधींच मैदान सोडून गेला होता. ज्या कामांत त्याचा हात कोणी धरूं शकला नाहीं, त्या कामाचा त्याच्या नांवावर एकहि आंकडा नाहीं. प्रगतिपुस्तक वाचतांना एवढें स्मरणांत असावें. तेथें जें लिहिलें आहे तें खरें असतें. पण वर्गांतील कोणत्या मुलाच्या आधारानें इतर चौघे पुढें गेले, याचा रकाना त्यांत नसतो.