पुढच्या टायब्रेकरला नाव दे

चि. बंटी यास मामाचे अनेक आशीर्वाद.

ताईचा फोन आला होता. टायब्रेकरमध्ये तुझा फटका गोलीने अडवला, संघ स्पर्धेबाहेर गेला आणि तू कोचना सांगून टाकलंस की यापुढे पेनल्टीला माझं नाव घेऊ नका, मी आपला डिफेंडरच बरा. पेठेत काय बोलणं चाललं असेल ते मी ओळखतो. कोल्हापुरात फुटबॉल घरोघरी कळतो, तेव्हा बोलणारेही घरोघरी असणार. त्यांना बोलू दे. पण ‘मी आपला डिफेंडरच बरा’ हे तुझं वाक्य मला लागलं, म्हणून हे पत्र.

पॅट्रिक अँडरसन हे नाव तू ऐकलं नसशील. स्वीडनचा स्टॉपर, माल्मोच्या क्लबात वाढलेला. वडील रॉय अँडरसन त्याच क्लबचे आणि १९७८ चा वर्ल्ड कप खेळलेले, त्यामुळे पोराची तुलना पहिल्या दिवसापासून ठरलेली. १९९२ मध्ये तो इंग्लंडला ब्लॅकबर्नकडे गेला, तिथे फारसं खेळायला मिळालं नाही, आणि वर्षभरात त्याने जर्मनीतलं म्योन्शनग्लाडबाख गाठलं. तिथे सहा हंगाम काढले. १९९४ च्या वर्ल्ड कपात स्वीडन तिसरा आला, तेव्हा बचावफळीच्या मध्यावर तो होता. १९९९ मध्ये बायर्न म्युनिकने त्याला घेतलं. देशासाठी सामने ९६, गोल तीन. हे आकडे नीट बघ. असा माणूस नव्वद मिनिटं दुसऱ्याचा गोल होऊ नये म्हणून झटतो, आणि तो झाला नाही तर कुणाच्या लक्षातही येत नाही की हे कुणामुळे.

आता १९ मे २००१. बुंडेसलिगाचा शेवटचा दिवस. बायर्नला हॅम्बुर्गमध्ये नुसती बरोबरी पुरणार होती. ते हरले आणि शाल्के जिंकले, तर विजेतेपद शाल्केचं. नव्वदाव्या मिनिटाला हॅम्बुर्गच्या बार्बारेझने हेडरवर गोल मारला. तिकडे गेल्सनकिर्शनमध्ये शाल्केने आपला सामना ५-३ असा जिंकून संपवला होता. विजेतेपद आपलंच, असं धरून लोक मैदानात उतरले आणि एकमेकांच्या गळ्यात पडले.

हॅम्बुर्गचा खेळ मात्र संपला नव्हता. जादा वेळेत तिथल्या एका खेळाडूने चेंडू मागे दिला आणि गोलकीपर शोबरने तो हातात उचलला. रेफरी मेर्क यांनी बॅकपास धरला, आणि बॉक्सच्या आत बायर्नला इनडायरेक्ट फ्री किक मिळाली. (हा नियम १९९२ च्या उन्हाळ्यातला. त्याच्या आधीची शेवटची मोठी स्पर्धा म्हणजे स्वीडनमध्येच झालेली युरो, आणि वीस वर्षांचा अँडरसन तीत खेळला होता.) हॅम्बुर्गची माणसं गोलसमोर खांद्याला खांदा लावून दाटली. एफेनबर्गने चेंडू जरासा सरकवला. अँडरसनने तो जमिनीलगत हाणला आणि पायांच्या त्या दाटीतून चेंडू जाळ्यात गेला. १-१. बायर्न एका गुणाने विजेते. बायर्नसाठी लीगमध्ये त्याने केलेला हा एकुलता एक गोल.

संघात सराईत गोल मारणारे असताना हा फटका स्टॉपरकडे का गेला? एफेनबर्ग आणि तो ग्लाडबाखला चार हंगाम एकत्र खेळले होते. मला वाटतं, कुणाचा पाय ऐनवेळी लटपटत नाही हे एफेनबर्गने तिथे पाहिलं असणार. असा भरवसा रोजच्या सरावातून तयार होतो, बंटी. तो गोलांच्या आकड्यात दिसत नाही.

तुझ्यासाठी खरी गोष्ट मात्र पुढे आहे. चारच दिवसांनी, २३ मे रोजी, मिलानच्या सान सिरोवर चॅम्पियन्स लीगची फायनल होती. समोर व्हॅलेन्सिया. एकशेवीस मिनिटांनंतर १-१, मग टायब्रेकर. बायर्नचा पहिलाच फटका वाया गेला. पुढे ऑलिव्हर कानने झाहोविचचा अडवला आणि हिशेब सारखा झाला. आता मारला तर बायर्न पुढे, अशा वेळी अँडरसन चेंडू घेऊन निघाला. कानिझारेसने त्याचा फटका अडवला.

त्याची परत येतानाची चाल मनात आण. हॅम्बुर्गला ज्याने विजेतेपद आणलं, तोच इथे चुकला होता. लगेच कानने कार्बोनीचा फटका थोपवला, शेवटी पेलेग्रिनोचाही, आणि पंचवीस वर्षांनी तो कप बायर्नकडे आला. तू म्हणशील, मामा, त्याचा संघ जिंकला, माझा हरला. बरोबर आहे, आणि तुझं दुःख त्याच्यापेक्षा मोठं आहे हेही मी मान्य करतो. पण चेंडू ठेवायला जाताना त्याला पुढचं काही ठाऊक नव्हतं. तुलाही नव्हतं. त्या क्षणापर्यंत तुम्ही दोघांनी केलं ते सारखंच.

पुढे तो बार्सिलोनाला गेला, तिथले बरेच दिवस दुखापतींनी खाल्ले. २००४ मध्ये माल्मोला परतला, त्याच वर्षी क्लब स्वीडनचा विजेता झाला, आणि २००५ मध्ये त्याने खेळ थांबवला.

तर माझं म्हणणं असं. स्टॉपरच्या मागे फक्त गोली असतो. सामनाभर जो शेवटची जबाबदारी अंगावर घेतो, त्यानेच पेनल्टीच्या वेळी मागे सरावं हे मला पटत नाही. तू फॉरवर्ड असतास तर कदाचित मी गप्प बसलो असतो.

आता काम सांगतो. सरावाच्या सुरुवातीला पेनल्टी मारू नकोस, शेवटी मार, पोटऱ्या भरून आल्या असताना. बाजू चेंडू ठेवण्याआधी ठरव आणि गोली हलला तरी बदलू नकोस. त्या फायनलचं रेकॉर्डिंग मिळालं तर टायब्रेकरपर्यंत पळवू नकोस. सबंध सामना बघ, चेंडू सोडून अँडरसनकडे बघ. व्हॅलेन्सियाचा उंचपुरा कॅर्यू चेंडूची वाट पाहत असतो, तेव्हा हा कुठे उभा राहतो, कधी पुढे सरतो, कधी नुसता हात करून दुसऱ्याला पाठवतो, ते वहीत लिहून मला कळव. आणि उद्याच कोचना भेटून सांग की पुढच्या टायब्रेकरला माझं नाव राहू द्या, पाचांत घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

ताईला नमस्कार सांग. गुडघ्याला पट्टी न बांधता खेळू नकोस.

तुझा,
मामा