अंथरुणातच दोन घास खा

दिवस गेलेत आणि मळमळतंय, तर सकाळी डोळे उघडल्यावर पाय जमिनीला लावायच्या आधी तोंडात काहीतरी कोरडं टाक. हा पहिला मंत्र, आणि बाकीचे सगळे विसरलीस तरी हा विसरू नकोस. रात्री झोपताना उशाशी एका डबीत कडलेपुरी ठेव, म्हणजे आपले चुरमुरे. बंगळुरात ते कुठल्याही कोपऱ्यावर मिळतात. नाहीतर टोस्ट ठेव, अय्यंगार बेकरीतला साधा, लोणी न लावलेला. झोपूनच सावकाश चावून खा, दहा-पंधरा मिनिटं तशीच पडून राहा, मग कुशीवर वळून हळू ऊठ. रिकाम्या पोटी झटक्यात उठलं की मळमळ वर येते आणि एकदा उलटी झाली की पुढचा अर्धा दिवस हातचा जातो.

पुण्या-सांगलीहून, नागपूरहून इथे बेळंदूर, व्हाइटफील्डला नोकरीसाठी आलेल्या तुम्ही मुली, घरात दोघंच. आई फोनवर एक सांगते, सासूबाई दुसरं, शेजारच्या कन्नड आजी तिसरं. तिघींचंही ऐक, कुणाशी वाद घालू नकोस, पण शेवटी तुझ्या जिभेला विचार. माझं इतक्या वर्षांचं मत हेच आहे की मळमळीवर सगळ्यांना लागू पडणारं औषध नाही. एकीला लिंबानं बरं वाटतं, दुसरीला लिंबाच्या वासानंच कोरड्या उलट्या होतात. चार दिवस वहीत टिपून ठेव: काय खाल्लं, किती वाजता, कशाचा वास आला, काय पोटात टिकलं. त्या वहीतून तुझा उपाय तुझा तुलाच सापडेल.

बहुतेकींना हे मळमळणं साधारण सहाव्या आठवड्यात सुरू होतं, नवव्या-दहाव्या आठवड्यात सगळ्यात जोर असतो आणि चौथ्या महिन्यात उतरू लागतं. काहींचं पाचव्या महिन्यापर्यंत चालतं. ‘आम्ही नाही का केलं’ असं कुणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नकोस. २०२३ च्या डिसेंबरात ‘नेचर’मध्ये संशोधन आलं. वारेतून आईच्या रक्तात जीडीएफ१५ नावाचं एक द्रव्य येतं आणि ज्या बाईच्या शरीराला आधीपासून त्याची सवय कमी, तिला त्रास जास्त होतो. म्हणजे हा मनाचा खेळ नाही, लाडही नाहीत. आणि उलट्या होत नसतील तर त्याचीही काळजी करू नकोस, तीही बाळं छान होतात. उलट्यांवरून मुलगा की मुलगी सांगणाऱ्यांकडे लक्षच देऊ नकोस.

आता खाण्याचं. पोट रिकामं राहू द्यायचं नाही आणि भरूही द्यायचं नाही. दर दोन तासांनी चार घास. पाणी जेवणाबरोबर नको; जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा नंतर, घोट घोट. गरम अन्नाला वास जास्त येतो, म्हणून निवलेलं किंवा गार जेव. दहीभात, गार मऊ भात, ताकातली नाचणीची आंबील, उकडलेला बटाटा मीठ लावून. नाचणी इथे घरोघरी, पीठ ताजं मिळतं. तांदळाच्या पेजेला इथे गंजी म्हणतात, तीत मीठ घालून प्यायची. पुण्याचं मेतकूट संपलं तर हळहळू नकोस, इथल्या जुन्या घरांत मेंत्यद हिट्टु असतं, ते मेतकुटाचंच सख्खं भावंड. भातावर चिमूटभर टाक.

दोन गोष्टी मात्र नीट करून घे, कारण घाईत केल्या की त्यांचा उपयोग होत नाही.

एक, लाह्यांचं पाणी. आयुर्वेदात उलटीवर लाह्यांची पेज जुन्या काळापासून सांगितली आहे. मल्लेश्वरम, गांधी बाजार, चिकपेट इथे ग्रंथिगे अंगडी असतात, पूजेचं सामान आणि वनौषधी विकणाऱ्या. तिथे साळीच्या लाह्या ‘अरळु’ म्हणून माग. आणल्यावर आधी निवड, टरफलं राहिलेली असतात, ती घशाला टोचतात आणि लगेच ठसका येऊन उलटी होते. दोन मुठी लाह्या भांड्यात घे, त्यावर उकळतं पाणी दोन पेले ओत, झाक. वीस मिनिटांत लाह्या मऊ पडतात. हातानं जरा कुस्करून गाळ, चिमूट मीठ आणि खडीसाखर घाल. गार झालं की चमच्या-चमच्यानं. पेला तोंडाला लावून गटगट प्यायलीस तर बाहेर येईल.

दुसरं, कोकमाचं सार, पण बिनफोडणीचं. सहा-सात आमसुलं कोमट पाण्यात अर्धा तास भिजत घाल, पाणी गर्द लाल झालं की चांगली पीळ, गाळ, मीठ, थोडा गूळ आणि कोरडी भाजलेली जिरेपूड. फोडणी अजिबात नको, ती घराच्या दुसऱ्या टोकाला दिली तरी तुला कळणार आहे. आमसुलं मंगळुरी दुकानांत मिळतात, ‘पुनर्पुळी’ म्हणून विचार.

आल्यानं पुष्कळींना आराम पडतो, आता डॉक्टरही ते मान्य करतात. आलेपाकाची छोटी वडी पर्समध्ये असू दे. सुंठ घेणार असलीस तर सगळी मिळून दिवसाला एक ग्रॅम, म्हणजे अर्ध्या चहाच्या चमच्याएवढी, त्यापुढे नको. छातीत जळजळलं तर तीही बंद. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच. दुकानात नुसतं ‘शुंठी’ म्हटलंस तर ओलं आलं हातात पडेल, सुंठेला ‘ओण शुंठी’ म्हणायचं.

आंबट खावंसं वाटेल तेव्हा मोरावळा, मीठ लावलेली आवळ्याची फोड, साखरलिंबाच्या लोणच्याची फोड चोखायची. आणि इथलं एक फळ आवर्जून खा: देवनहळ्ळीचा चक्कोता, आपलं पपनस. विमानतळ जिथे आहे तेच देवनहळ्ळी, तिथल्या पपनसाला भौगोलिक मानांकन आहे. जाड साल काढायची, प्रत्येक फोडीवरचा पांढरा पापुद्रा सोलायचा, आतले गुलाबी दाणे सुटे करून गार करायचे. एकेक दाणा दाताखाली फुटतो, रस येतो, वास मंद असतो. ज्यांना पाणीही नको होतं त्यांनी हे मागून खाल्लेलं मी पाहिलं आहे. रक्तदाबाची किंवा दुसरी रोजची गोळी चालू असेल तर ते फळ आधी डॉक्टरांच्या कानावर घाल.

वासाचं काय करायचं? सकाळच्या फिल्टर कॉफीचा, शेजारच्या सांबाराचा, उदबत्तीचा वास आधी आवडायचा आणि आता सोसवत नाही, असं होतं. देवघरात काही महिने नुसतं निरांजन लाव, देव रागावत नाही. केसात मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजराही नको. कॅबमध्ये बसायच्या आधी चालकाला सांगून सेंटची बाटली काढून ठेवायला लाव, काच खाली घे, पुढे बस. सिल्क बोर्डच्या गर्दीत गाडी पुढेमागे हिसके देते तेव्हा मोबाईलमध्ये बघू नकोस, लांब रस्त्याकडे बघ. शक्य असेल तर मेट्रोनं जा, हिसके कमी बसतात. रुमालात लिंबाची चकती आणि पर्समध्ये दोन जाड पिशव्या ठेवायच्याच. ऑफिसात एवढ्यात सांगायचं नसेल तर एका मैत्रिणीला तरी सांगून ठेव.

आणि जावईबापू, हे तुमच्यासाठी. पहिले तीन महिने फोडणी तुम्ही द्या, ती फिरायला गेलेली असताना द्या, खिडक्या उघडा. कचऱ्याचा डबा रोज तुम्ही बाहेर न्या. ‘काय खाशील?’ असं दर तासाला विचारू नका, चार गोष्टी चार वाट्यांत समोर ठेवा आणि बाजूला व्हा. काल मागितलेली खिचडी आज तिनं ढकलून दिली तर चेहरा पाडू नका.

उलटी झाल्यावर लगेच दात घासू नकोस, पोटातल्या आम्लानं दात मऊ झालेले असतात. पाण्यात चिमूट खायचा सोडा टाकून चूळ भर, अर्ध्या तासानं घास. जीभ खरवडताना फार मागे जाऊ नकोस. फॉलिक ॲसिडची गोळी चुकवायची नाही. सकाळी टिकत नसेल तर रात्री झोपताना घे. लोहाची गोळी साधारणपणे तिसरा महिना सरल्यावर सुरू करतात, तिनं मळमळ वाढली तर बंद न करता डॉक्टरांकडून बदलून घे. पालेभाजी-डाळ जात नाही म्हणून रडू नकोस, या दिवसांत बाळाची गरज अजून थोडी असते.

काही गोष्टींना स्पष्ट नाही म्हण. सुपारी इथे जेवणानंतर सहज हातावर ठेवतात, तोंडाला बरं वाटतं म्हणून ती चघळू नकोस. बाळाचं वजन कमी भरण्याशी तिचा संबंध आढळला आहे. ज्येष्ठमध, कडक काढे, कच्ची पपई, कुणीतरी खात्रीनं दिलेली भस्मं नकोत. माती, खडू, पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटली तर लाजू नकोस, डॉक्टरांना सांगून हिमोग्लोबिन तपासून घे. बहुतेकदा रक्त कमी असतं.

गोळीची भीती आपल्या पिढ्यांत बसली ती उगाच नव्हे. मळमळीवर दिल्या जाणाऱ्या थॅलिडोमाइडनं युरोपात हजारो मुलं व्यंगासह जन्मली, १९६१ मध्ये ते औषध बाजारातून काढावं लागलं. पण आज मळमळीसाठी डॉक्टर देतात ती डॉक्सिलामाइन आणि बी६ जीवनसत्त्वाची गोळी वेगळी. तिच्यावरही खटले झाले, अमेरिकेत १९८३ मध्ये कंपनीनं ती थांबवली, मात्र तपासण्यांत दोष निघाला नाही आणि २०१३ मध्ये ती तिथे परत आली. घरगुती उपायांनी भागत नसेल तर डॉक्टरांना विचारून ती घे. सोसत राहण्यात काही पुण्य नाही.

आणि हे पाठच करून ठेव. दिवसभरात पाण्याचा घोटही टिकत नसेल, सात-आठ तास लघवी झाली नसेल किंवा गडद पिवळी होत असेल, उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, वजन आधीपेक्षा पाच टक्क्यांनी उतरलं असेल, उलटीत रक्त दिसलं, ताप किंवा पोटात कळ असेल, तर लाह्या-कोकम बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठ. ‘होतंच गं या दिवसांत’ असं कुणीही म्हणालं तरी थांबू नकोस. लघवीतलं कीटोन तपासतील, सलाईन लावतील. आठवडेच्या आठवडे उलट्या चालू असतील तर ग्लुकोज चढवण्याआधी बी१ जीवनसत्त्व देणार का, हे आपणहून विचार. रात्री गाडी मिळत नसेल तर १०८ ला फोन कर. बाळंतपणाचं नाव जिथे घातलं असेल तिथे जा. अजून घातलं नसेल तर के. आर. मार्केटजवळ सरकारी वाणीविलास रुग्णालय आहे.