चिमणराव बडोद्याला दिसले नाहीत

चिं. वि. जोशी बडोद्याच्या कॉलेजात पाली शिकवायचे. त्यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ पुढे मुंबई दूरदर्शनवर आले, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या रूपात. पण खुद्द बडोद्याच्या मराठी घरांत ते दिसत नव्हते! मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं खरं, पण मनोऱ्यावरून सुटणाऱ्या लहरी साधारण शंभरेक किलोमीटरच जातात. बडोदं जवळजवळ चारशे किलोमीटरवर.

त्यामुळे आपल्याकडच्या आजीच्या पिढीने टीव्ही पाहिला तो मुख्यतः हिंदीत. १९८४ साली ‘हम लोग’, १९८७पासून रविवारी सकाळी ‘रामायण’. गल्लीत दोन-तीन घरीच टीव्ही, दारात चपलांचा ढीग, शेजारीपाजारी सतरंजीवर. काय बघायचं हा प्रश्नच नव्हता. (गच्चीवर अँटेना फिरवणारा एक जण आणि खालून ‘आलं, आलं... गेलं!’ हे मात्र मुंबईतही तसंच.) पडद्यावर हिंदी असली तरी भोवतीची बडबड मराठी होती. कैकेयीला बोल लावले जायचे ते मराठीतच. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

आईच्या पिढीत केबल आली. उपग्रहाला राज्याची हद्द नसते, म्हणून १९९९मध्ये सुरू झालेली ‘अल्फा मराठी’, म्हणजे आजची ‘झी मराठी’, इथेही दिसू लागली. रिमोट मोठ्यांच्या हातात. गुजराती माध्यमातली मुलं शेजारी गृहपाठ करता करता मराठी ऐकायची, आणि ‘शाक’ म्हणणारं पोर हळूच ‘भाजी’ म्हणायला लागायचं. फायदाच झाला, पण मालिकांची भाषा पुण्या-मुंबईची, त्यामुळे आपली गुजराती वळणाची मराठी आपल्यालाच चुकीची वाटू लागली. तो तोटा आपण सहसा मोजत नाही.

आता मोबाईल. मराठी नाटकं, सिनेमे, जुन्या मालिका, हवं ते हवं तेव्हा. पण कानात इअरफोन! न निवडता कानावर पडणारी मराठी त्यात गेली. २०२०च्या टाळेबंदीत ‘रामायण’ पुन्हा लागलं, तेव्हा काही दिवस घरं परत एका पडद्यासमोर बसली, इतकंच.

स्वाध्याय : घरातल्या तीन पिढ्यांना विचारा, टीव्ही कोणाबरोबर बघायचात आणि बघताना कोणत्या भाषेत बोलायचात? उत्तरं त्यांच्याच शब्दांत उतरवून आणा. ‘शाक’ म्हणाले तर ‘शाक’च लिहा.